जॅकच्या पोटातले कडे

१/ मुंबई-कोलकाता महामार्गावरील भंडारा जिल्हा ट्रकांशी जोडलेला आहे. गडेगाव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकांचे गिअरबॉक्स घडतात. महामार्गावरच्या गॅरेजमध्ये तोच गिअरबॉक्स उतरवायचा, तर ट्रॉली जॅक लागतो. या जॅकचा भरवसा तेल अडवणाऱ्या एका कड्यावर असतो.

२/ तत्त्व १७व्या शतकातील पास्कालचे. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ५० पट असेल, तर तो ५० पट भार उचलतो.

३/ १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी या तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. परंतु दाब वाढताच दट्ट्याभोवतून पाणी निसटे. उपाय ठरले चामड्याचे कडे. दाब जितका अधिक, तितके ते घट्ट बसे. त्याचे श्रेय ब्रामांचे कारागीर हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. पगारवाढ नाकारली गेल्यावर १७९७ मध्ये मॉडस्ले यांनी ती नोकरी सोडली.

४/ १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी हाताने नेता येणाऱ्या जॅकचे पेटंट मिळवले. पुढे पाण्याच्या जागी तेल आले, चामड्याच्या जागी कृत्रिम रबर.

५/ ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वीची तपासणी आजही मुख्यतः त्या कड्याचीच असते. भार देऊन जॅक उभा ठेवतात. दट्ट्या खाली सरकतो का, तेल पाझरते का, हे पाहतात. मग आतली हवा काढून, दट्ट्या पूर्ण खाली बसवून, तेलाचे बूच आवळून तो खोक्यात बांधतात.

६/ तरीही कडे कालांतराने झिजतेच. म्हणून जॅकने ट्रक उचलावा. पण मिस्त्रीने खाली शिरण्यापूर्वी त्याचा भार लोखंडी स्टँडवर टेकवावा.