हेप पार-१

यकृतातील कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-१ या एंझाइमाला चिकटणारे आणि त्यायोगे यकृत कोशिकांची ओळख पटविणारे, उंदराच्या कोशिकांपासून मिळविलेले एकक्लोनी प्रतिपिंड. ‘हेपॅटोसाइट पॅरॅफिन १’ हे त्याचे पूर्ण नाव. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसविलेल्या ऊतकावरही ते लागू पडते, हा त्याचा मोठाच गुण मानला पाहिजे. कारण रुग्णालयांच्या दप्तरी जतन होणारे बायोप्सीचे तुकडे बहुतांशी याच स्वरूपात असतात आणि फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांची मूळ ठेवण बदलून गेल्यावर कित्येक प्रतिपिंडे त्यांच्यावर निष्प्रभ होतात.

कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिज येथे दाखवून दिलेल्या हायब्रिडोमा-पद्धतीने तयार झालेल्या या प्रतिपिंडाचे वर्णन वेनरबर्ग, नालेस्निक व कोलमन यांनी १९९३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केले. ते नेमके कोणत्या प्रथिनाला धरते हे त्या वेळी ठाऊक नव्हते. तरीही ते यकृत कोशिकांना इतक्या नेमाने रंगवी, की मूळ यकृतातच उद्भवलेला कर्करोग आणि अन्य अवयवांतून तेथे येऊन रुजलेला कर्करोग यांचा निवाडा करताना विकृतिवैज्ञानिक केवळ अनुभवाच्या बळावर त्याचा आधार घेत राहिले. पुढे २००८ साली बटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे लक्ष्य निश्चित केले. अमोनिया व बायकार्बोनेट यांपासून कार्बामॉइल फॉस्फेट बनवून यूरिया चक्राचा प्रारंभ करणारे उपरोक्त एंझाइमच ते होय.

या शोधामुळे तोवर नुसती नमूद होत आलेली निरीक्षणे सकारण झाली. हे एंझाइम कोशिकेतील सूत्रकणिकांत (मायटोकाँड्रियांत) वसत असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तपकिरी रंग कोशिकाद्रव्यात एकसारखा न पसरता कणाकणांनी दिसतो. आणि लहान आतड्याच्या अस्तरातही तेच एंझाइम असल्यामुळे ते अस्तर, तसेच अन्ननलिकेच्या बॅरेट विकारात आतड्यासारखे बनलेले अस्तर, यांनाही रंग चढतो. प्रतिपिंडाचा दोष म्हणून ज्याकडे पाहिले जाई, तो वस्तुतः त्याच्या अचूकपणाचाच दाखला होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. निरोगी यकृत, सौम्य अर्बुद व कर्करोग या तिन्ही ठिकाणी रंग येत असल्यामुळे घातकतेविषयी ते काहीच सांगत नाही. ज्या यकृत-कर्करोगातील कोशिकांचे मूळ रूप बरेचसे लोपलेले असते, तेथे रंग फिका पडतो किंवा मुळीच येत नाही. उलटपक्षी जठराच्या काही कर्करोगांत तो दिसून दिशाभूल करतो. यासाठी यूरिया चक्राच्याच अखेरच्या टप्प्यावरील आर्जिनेज-१ हे एंझाइम आणि ग्लिपिकॅन-३ हे प्रथिन यांच्या प्रतिपिंडांची जोड त्याला दिली जाते. पैकी आर्जिनेज-१ रूप लोपलेल्या अर्बुदांत सामान्यतः अधिक संवेदनक्षम ठरते, तर ग्लिपिकॅन-३ निरोगी प्रौढ यकृतात सहसा आढळत नसल्यामुळे घातकतेच्या बाजूने पुरावा देते. कोशिकांची रचना व रुग्णाची हकीकत यांची खातरजमा केल्याविना केवळ हेप पार-१च्या रंगावरून निदानाचा निकाल देऊ नये.