स्टेशनापासून रामकुंडापर्यंत

बाहेरगावचा माणूस नाशकात आला म्हणजे या गावाच्या वतीने त्याच्याशी पहिला शब्द कोण बोलतो? महापौर नव्हेत, तीर्थोपाध्याय नव्हेत आणि व्याख्यानमालेचे वक्ते तर नव्हेतच. तो शब्द असतो टांगेवाल्याचा, रिक्षावाल्याचा किंवा बसच्या वाहकाचा. पाहुणा घरी परतल्यावर रामकुंडाविषयी चार वाक्ये बोलतो आणि रिक्षाच्या भाड्याविषयी दहा! तेव्हा गावाची अब्रू ज्याच्या हाती आपण रोज देतो, त्याच्या हाती गावाने काय दिले, एवढा एकच प्रश्न आम्ही आज इतिहासाला विचारणार आहोत.

या इतिहासाचे मूळ पाच मैलांच्या अंतरात आहे. 1865 साली थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईचा यात्रेकरू आगगाडीत बसून सलग इकडे येऊ लागला. घाटातील बैलगाडीचे हाल संपले. परंतु रेल्वेचा मार्ग शहराला वळसा देऊन गेला. स्टेशनाचे नावच नाशिकरोड पडले. म्हणजे नाशिक येथे नाही, येथून तिकडे रस्ता जातो! मुंबईपासूनची शंभराहून अधिक मैलांची वाट कंपनीच्या तिकिटावर सुटली. शेवटचे पाच मैल मात्र ज्याचे त्याने पाहावयाचे, असा हा व्यवहार होता. त्या पाच मैलांवर पुढे अनेक पिढ्या जगल्या.

आधी आला टांगा. गाडी लागली की उपाध्यायांची माणसे गाव व आडनाव विचारीत पुढे होत आणि टांगेवाले बोचक्यांना हात घालीत. गोंगाट फार, परंतु अनोळखी मुलखात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या गोंगाटाचाच आधार वाटे. यात एक हिशेब मात्र पाहुण्याला दिसत नसे. भाडे मिळो वा न मिळो, घोड्याला चंदी-वैरण रोज लागतेच. यात्रेच्या चार दिवसांत मिळवावयाचे आणि पावसाळ्यात बसून खावयाचे. भाड्याची जी घासाघीस चाले तिचे मूळ टांगेवाल्याच्या स्वभावात शोधू नये, या हिशेबात शोधावे.

मग 1890 च्या आगेमागे ट्राम आली. नाशिकरोड स्टेशनापासून मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत रूळ पडले. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावारूपास आलेले इंजिनियर एव्हरर्ड कॅलथ्रॉप हे या कामाचे सल्लागार होते. प्रारंभी डबे घोडे ओढीत. पुढे इंजिन आले. दुष्काळ आणि प्लेग यांनी प्रवासी तोडले, तोटा वाढला आणि 1930 नंतरच्या दोनतीन वर्षांत ट्राम बंद पडली. या साऱ्या हकिकतीत सल्लागार इंजिनियरचे नाव इतिहासाने जपून ठेवले. त्या घोड्यांना रोज पहाटे खरारा करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव ठेवले नाही. आम्ही शाळा लवकर सोडली. इतिहास शिकलो तो वाचनालयात आणि रिक्षाथांब्यावर. म्हणूनच कदाचित ही उणीव आम्हाला अधिक बोचते.

1948 साली महाराष्ट्रात एस. टी. सुरू झाली. त्याच सुमारास पुण्यात नवलमल फिरोदिया यांच्या खटपटीने ऑटोरिक्षा रस्त्यावर आली आणि हळूहळू गावोगाव पसरली. टांगा मागे पडला. आमचे वडील टांगा हाकीत. घोडा विकल्यावर कित्येक दिवस ते पहाटे उठून रिकाम्या तबेल्यात जाऊन बसत. रिक्षा आली हे चांगलेच झाले. घोड्याची पाठ सुटली, प्रवाशाचा वेळ वाचला. परंतु लगाम सोडून हँडल धरण्यासाठी परवाना लागतो, कर्ज लागते, आणि पन्नाशीतल्या माणसाला ते कोण देणार? वाहन बदलले की गाव पुढे जाते आणि जुना हाकणारा थांब्यावरच राहतो.

एक प्रसंग सांगतो. एका पहाटे उत्तरेकडून आलेल्या एका वृद्ध जोडप्याकडून आमच्याच संघटनेच्या एका पोराने रामकुंडापर्यंत तिप्पट भाडे घेतले. आम्हाला कळताच आम्ही त्याला घेऊन धर्मशाळेत गेलो, पैसे परत करविले, क्षमा मागविली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, रात्री अकरापासून नंबर लावून बसलो होतो. सकाळी मालकाला रोजचे पैसे द्यायचेत. ते कुठून देऊ?" त्याचा अपराध आम्ही पोटात घातला नाही, पण त्याचा प्रश्नही आम्हाला टाकता आला नाही. पाहुण्याची तक्रार आणि हाकणाऱ्याची तक्रार ही दोन भांडणे नव्हेत. एकाच भांडणाच्या त्या दोन बाजू आहेत.

सिंहस्थात हे भांडण मोठ्या अक्षरांत दिसते. 27 ऑगस्ट 2003 रोजी चेंगराचेंगरीत 39 भाविक दगावले. त्या दुःखाने शहाणे होऊन 2015 साली खाजगी गाड्या शहराबाहेर अडविल्या आणि पुढे एस. टी.ची सोय केली. चेंगराचेंगरी टळली, हे मोठेच यश. परंतु बंदोबस्त इतका कडक की म्हाताऱ्या माणसांना मैल मैल चालावे लागले आणि ज्याचा हंगाम तोच, त्या रिक्षावाल्याला ऐन पर्वणीला घरी बसावे लागले. 2021 च्या जुलैत महापालिकेची स्वतःची बससेवा सुरू झाली. गाड्या नव्या, आसने मऊ. पण पगार थकला म्हणून वाहकांनी काम बंद ठेवल्याच्या बातम्याही नाशिककरांनी एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या. त्या दिवशी थांब्यावर ताटकळणाऱ्या पाहुण्याला ठेकेदारीचे कलम कोण समजावणार?

यास्तव आमचे मागणे थोडके आहे. स्टेशनात उतरताक्षणी दिसेल असा भाड्याचा फलक मराठीत व हिंदीत लावा आणि तो पाळण्याची हमी आमच्याकडून घ्या. सिंहस्थाच्या वाहतुकीची आखणी करताना टेबलाभोवती दोन खुर्च्या चालक-वाहकांसाठी ठेवा. कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी गर्दी तुंबते, हे त्यांना नकाशाशिवाय कळते. आणि नवे वाहन आणाल तेव्हा जुन्या हाकणाऱ्याला त्यावर पहिला हक्क द्या.

गोदाकाठी पाहुण्याला देव मानण्याची चाल जुनी आहे. त्या देवाला स्टेशनावरून जो आणतो त्याला निदान माणूस मानावे, एवढेच.