जवळ ठेवलेली प्रत : कॅशिंग प्रॉक्सीचा इतिहास आणि किनाऱ्यावरचे गाव

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव समुद्राला लागून असलेल्या शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे सर्व कोकणाला परिचित आहे. परंतु इंटरनेटच्या नकाशावर ते अशा गावांत मोडते, जिथे मजकूर दूरच्या महानगरांतून लांबच्या वाटेने पोहोचतो. अशा ठिकाणी संकेतस्थळ मंद उघडते, त्याचे कारण केवळ तारेच्या क्षमतेत नसते. मागितलेल्या मजकुराची प्रत किती दूर ठेवलेली आहे आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, यावरही वेग ठरतो. कॅशिंग प्रॉक्सीचा इतिहास हा ती प्रत वाचकाजवळ आणण्याच्या आणि पुढे ती पुन्हा त्याच्या हातून निसटण्याच्या प्रक्रियेचा इतिहास आहे.

वाचकाचा संगणक आणि दूरचे संकेतस्थळ यांच्यामध्ये राहून वाचकाच्या वतीने मागणी करणाऱ्या संगणकाला प्रॉक्सी म्हणतात, आणि आलेल्या मजकुराची प्रत जो स्वतःजवळ राखून ठेवतो तो कॅशिंग प्रॉक्सी होय. पहिल्या वाचकाने मागितलेले पान दूरवरून आणावे लागते, परंतु तेच पान दुसऱ्याने मागितले की ते जवळच्या साठ्यातून मिळते. पावसाळ्यात वाटा बंद होण्याआधी कोकणातील घरे जी बेगमी करतात, तिच्यामागचा हिशेबही असाच असतो. फरक इतकाच की ही साठवण एका घराची नसून संपूर्ण संस्थेची असते आणि एकासाठी केलेला खर्च सर्वांच्या कामी येतो.

भारतात या काटकसरीची निकड सुरुवातीपासूनच होती. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने उभारण्यास घेतले, आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीएसटी, हे त्याचे परदेशाकडे उघडणारे दार ठरले. तेथून अमेरिकेला १९८९ साली जोडलेल्या वाहिनीची क्षमता सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाइट, इतकीच होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही मोडेमवरून मिळणारा वेग बहुधा याच पातळीचा असे. या वेगाने ६० हजार बाइटांचे एक चित्रमय पान उतरायला ५० सेकंद लागतात. जोडणी भूस्थिर उपग्रहावरून असेल, तर सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परतण्यात प्रत्येक खेपेला पाव सेकंद जातो, आणि मागणी व उत्तर मिळून हा विलंब अर्ध्या सेकंदाचा होतो.

या अडचणीवरील उपायाची जडणघडण त्याच दशकात झाली. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत वेबचा जन्म झाला होता, आणि तेथील सर्व्हरमध्येच प्रॉक्सीची व साठवणीची सोय प्रथम आली. मे १९९४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या जागतिक वेब परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी तिची मांडणी केली. हार्वेस्ट या अमेरिकी संशोधन प्रकल्पातील साठवणीच्या प्रणालीवरून १९९६ साली ड्युएन वेसल्स यांच्या पुढाकाराने स्क्विड ही मुक्त प्रणाली आकाराला आली. ती विनामूल्य होती आणि साध्या संगणकावर लिनक्ससह चालत असे, त्यामुळे महागडी यंत्रसामग्री न घेताही एखाद्या महाविद्यालयाला सामायिक साठा उभारता येऊ लागला.

स्क्विडची मांडणी हे मुख्यतः धोरणाचे काम होते. तिच्या संरचना-फाइलमध्ये डिस्कवर साठ्यासाठी किती जागा द्यायची आणि वारंवार लागणाऱ्या वस्तूंसाठी रॅमचा किती भाग राखायचा, हे आधी ठरवावे लागे. डिस्कवरील दर गिगाबाइट साठ्याच्या सूचीसाठी सुमारे १० मेगाबाइट रॅम खर्ची पडत असल्याने मोठी डिस्क जोडणे म्हणजे आपोआप अधिक वेग मिळणे नव्हे, हे चालकांना ध्यानात ठेवावे लागत असे. त्यानंतर प्रवेशाचे नियम येत. कोणत्या पत्त्यांवरील संगणकांना प्रॉक्सी वापरू द्यायचा हे न ठरवल्यास परके लोक त्याआडून गैरवापर करू शकत. सर्वांत नाजूक प्रश्न ताजेपणाचा असे, कारण शिळी बातमी तत्परतेने देण्यात वाचकाचे हित नसते. त्यासाठी साठ्यातील प्रत जुनी झाली की प्रॉक्सी मूळ सर्व्हरला ‘अमुक वेळेनंतर काही बदलले का’ असे विचारतो, आणि बदल नसल्यास ३०४ या क्रमांकाचे छोटेसे उत्तर येऊन संपूर्ण पान पुन्हा आणणे टळते. वेबवरील देवाणघेवाणीची नियमावली असलेल्या एचटीटीपीच्या, जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.१ या आवृत्तीने, प्रत किती काळ ठेवावी हे संकेतस्थळाने स्पष्ट सांगण्याची रीत पक्की केली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या साठवणीला एक विशेष महत्त्व होते. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र टंक वापरत, आणि अक्षरे दिसण्यासाठी त्या टंकाची फाइल पानाबरोबर उतरवावी लागे. ती सर्व वाचकांसाठी एकच असे आणि क्वचितच बदलत असे. त्यामुळे सामायिक साठ्यात ठेवण्यास तिच्याइतकी योग्य वस्तू दुसरी नव्हती.

पुढील काळात ही व्यवस्था दोन बाजूंनी क्षीण झाली. एकीकडे प्रत्येक वाचकासाठी वेगळी घडवलेली पाने वाढली. दुसरीकडे कूटबद्ध एचटीटीपीएस सार्वत्रिक झाले आणि २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे विनामूल्य खुली केल्यावर त्याला मोठी गती मिळाली. कूटबद्ध मजकूर मधल्या संगणकाला वाचता येत नाही, म्हणून त्याची प्रतही ठेवता येत नाही. वाचकाच्या गोपनीयतेसाठी हा बदल आवश्यक होता, परंतु त्यामुळे साठवणीचा अधिकार वाचकांच्या संस्थेकडून संकेतस्थळाच्या बाजूने काम करणाऱ्या कंपन्यांकडे गेला. १९९८ साली स्थापन झालेल्या अकामायसारख्या कंपन्यांनी जगभर प्रती पसरवल्या, मात्र त्या कुठे ठेवायच्या हे त्यांच्या व्यापारी हिशेबाने ठरते आणि त्या हिशेबात महानगरे अग्रक्रमाने येतात. महाशिवरात्रीला कुणकेश्वरात एकाच मनोऱ्याशी जोडलेल्या असंख्य फोनांनी एकच चित्रफीत मागितली, तरी ती प्रत्येकासाठी बहुधा वेगळीच आणावी लागते.

तरीही सामायिक प्रतीचे तत्त्व बाद झालेले नाही. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांची अद्यतने अंकीय स्वाक्षरीने पडताळली जातात, म्हणून ती साध्या एचटीटीपीवरूनही निर्धोकपणे येतात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा साठवून सर्व संगणकांना देता येतात. किविक्ससारख्या मुक्त प्रणालीने मराठी विकिपीडियाची प्रत इंटरनेटशिवायही वाचता येते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली आणि पुढे ती भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली, पण केवळ तार पोहोचल्याने गाव ज्ञानाच्या जवळ येते असे नाही. शाळा व वाचनालये यांनी सर्वांना लागणाऱ्या मजकुराची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवणे, हा जुन्या प्रॉक्सीने घालून दिलेला धडा किनाऱ्यावरच्या गावांनी आजही आपलासा करण्याजोगा आहे.