आंबटपणाचा चकवा

शिडांच्या जहाजांचा इतिहास शिकवताना आपण वादळांबद्दल, नव्या भूमींबद्दल भरभरून बोलतो. पण महिनोन् महिने त्या जहाजांवर राहणारी माणसं काय खात होती? खारवलेलं मांस, दगडासारखी कडक बिस्किटं, वाळवलेले वाटाणे. ताजी भाजी किंवा फळं नाहीतच.

१४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेहून मलबार किनाऱ्याला आला. वारा पाठीशी होता, त्यामुळे त्याला चार आठवडेही लागले नाहीत. परतताना ऑक्टोबरात तो गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून निघाला, तेव्हा वाऱ्यानं साथ दिली नाही. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजल्या, हातपाय सुजले आणि सुमारे तीस जण दगावले. हीच स्कर्व्ही.

१७४७ मध्ये 'सॉल्सबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरनं स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. सर्वांना एकाच जागी ठेवलं, रोजचं जेवणही एकच दिलं. मग दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला : सफरचंदाची दारू, पाणी घातलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण आणि संत्री-लिंबू. संत्री-लिंबू खाणारे झपाट्यानं सुधारले. सहा दिवसांत फळं संपली, तोवर त्यांच्यातला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता!

तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. असं का झालं? आजाराचं मूळ लिंडलाही कळलं नव्हतं. दमट हवा आणि बिघडलेलं पचन यांना तो दोष देत होता. रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवा, असं त्यानंच सुचवलं. उष्णतेनं आणि साठवणीत रसातलं 'क' जीवनसत्त्व नष्ट होतं, हे त्या काळी कोणाला ठाऊक असणार?

पुढे एकोणिसाव्या शतकात नौदलानं भूमध्य समुद्राकडच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी, हिरवी, जास्त आंबट लिंबं घेतली. आंबटपणाच गुणकारी, हा समज त्यामागे होता. प्रत्यक्षात त्या रसात 'क' जीवनसत्त्व कमी होतं. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत हा रस सोबत असूनही स्कर्व्हीनं गाठलंच. गुणकारी पदार्थाची नेमकी ओळख पटली ती १९३२ साली.

गंधकाम्ल आणि व्हिनेगर हे दोन्ही आंबटच. तरी ते घेणारे बरे झाले नव्हते. म्हणजे आंबटपणाच्या समजाला उत्तर १७४७ च्या प्रयोगातच होतं, पण त्या नजरेनं तो वाचला गेला नाही. म्हणून आम्ही सुचवतो, की वर्गात या सहा जोड्या फळ्यावर लिहाव्यात. कोणतं औषध जिंकलं, हे मुलं लगेच सांगतील. त्यानंतर विचारावं : यातून कोणता समज खोटा ठरतो?