तंबोऱ्याविना एकटे व्हायोलिन

व्हायोलिन मराठी कानाला परके नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुले ते शिकत आली आणि गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी त्याला आपले गाणे दिले. मांडी घालून वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवले की डावा हात मोकळा होतो, मींड अखंड वाहते. त्या वादनामागे तंबोरा असतो.

इथे ज्या संगीताची ओळख करून द्यायची आहे, त्यात तंबोराही नाही, साथीदारही नाही. युरोपीय संगीताच्या बरोक काळात बहुतेक रचनांना खर्जातल्या वाद्यांचा आधार असे. योहान सेबास्टियन बाखने १७२० साली सहा रचना सुवाच्य उतरवल्या आणि शीर्षकातच ही साथ नसल्याचे लिहिले. मग आधार येतो कुठून? त्याच चार तारांतून. घोडी कमानदार असल्याने गज चारही तारांवर एकदम टिकत नाही. वादक खालच्या तारा छेडून वर सरकतो आणि विरलेला खर्ज ऐकणाऱ्याच्या कानात उरतो. म्हणून या संगीतात श्रोताही थोडा साथीदार असतो.

वाचकांनी सुरुवात बाखच्या आधीच्या पिढीतल्या बीबर या संगीतकाराच्या पासाकालियापासून करावी, असे मी सुचवीन. साधारण १६७६ च्या या रचनेत चार उतरते स्वर साठाहून अधिक वेळा येतात. पहिल्याला षड्ज मानले तर ते सा, कोमल नी, कोमल ध, प. तबल्याच्या एकलवादनातला लेहरा तुम्हाला ठाऊक आहेच; इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खुलणारा वादक एकच.

मग बाखच्या त्या सहा रचनांपैकी एकीतली शाकोन ऐका. चार-चार मात्रागटांची आवर्तने मोजत बसलात तरी चालेल, रस उणावत नाही. मध्यावर कोमल गंधार शुद्ध होतो, ती जागा मात्र चुकवू नका. अख्खी खोली उजळल्यासारखी वाटते.

पुढच्या पिढ्यांना हे एकटेपण सोसले नाही. मेंडेल्सोन आणि शूमान यांनी पियानोची साथ जोडली. ती प्रेमापोटी होती, पण मला अनावश्यक वाटते. ब्राम्सने मर्म ओळखले: त्याने शाकोन पियानोवर आणली ती केवळ डाव्या हातासाठी, म्हणजे वादकाची ओढाताण तशीच राहावी. सेगोव्हियाने १९३५ मध्ये ती गिटारवर वाजवली. व्हायोलिनवादक इझाईने १९२३ मध्ये एकट्या व्हायोलिनसाठी स्वतःचे सहा सोनाटा लिहिले. दुसऱ्याच्या आरंभी बाखच्याच ओळी येतात, तुटत तुटत, आठवण छळावी तशा. बाख ओळखीचा झाल्यावर तो ऐका.

सदर, नागपूर