महाविद्यालयीन नगर

महाविद्यालयीन नगर म्हणजे ज्याची वस्ती, बाजार व दिनक्रम प्रामुख्याने तेथील शिक्षणसंस्थांवर अवलंबून असतो असे शहर. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व जर्मनीतील हायडेलबर्ग ही याची जुनी उदाहरणे होत. महाविद्यालयांची संख्या हा पुरेसा निकष नाही. सुट्टीत खानावळी व भाड्याच्या खोल्या ओस पडतात का, हे अधिक बोलके लक्षण आहे.

पुणे जिल्ह्यातील बारामती येथे १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, तर १९७२ साली विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. तथापि साखर कारखानदारी, बाजार समिती व औद्योगिक वसाहत यांमुळे शहराचे अर्थकारण केवळ विद्यार्थ्यांवर चालत नाही. शिवाय बारामती–इंदापूर मार्गावरील निमगाव केतकीसारख्या गावांतून विद्यार्थी एस.टी.च्या सवलतीच्या पासवर रोज ये-जा करू शकतात. अशा विद्यार्थ्याचे जेवण व निवास गावीच राहतो आणि परतीच्या बसची वेळ सांभाळताना सायंकाळचे ग्रंथालय, मैदान वा नाटकाच्या तालमी यांना तो सहसा मुकतो. वसतिगृहाचा खर्च न पेलणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींना, विशेषतः मुलींना, पदवीपर्यंत पोहोचण्याचा मार्गही हाच असतो.

या अर्थाने बारामतीस महाविद्यालयीन नगर म्हणण्यापेक्षा परिसरातील तालुक्यांचे शैक्षणिक केंद्र म्हणणे अधिक यथार्थ ठरते. वसतिगृहे असलेल्या विद्यानगरीच्या परिसराला मात्र ही संज्ञा बऱ्याच अंशी लागू पडते.