युबारीची मार्चअखेर

उभी नोकरी नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली, त्यामुळे जपानच्या लांबलेल्या मंदीचा विषय निघाला की मला होक्काइदोतल्या युबारीची खतावणी आठवते.

कोळशाचं हे गाव. १९६० च्या सुमारास वस्ती १ लाख १७ हजारांच्या घरात होती. जपान तेलाकडे वळला आणि खाणी मिटत गेल्या. १९८१ साली खाणीतल्या वायूच्या उद्रेकात आणि आगीत ९३ माणसं गेली. शेवटची खाण १९९० मध्ये बंद पडली. तरुण साप्पोरो-तोक्योकडे निघून गेले. खाण कंपन्यांची घरं, दवाखाना असं सगळं नगरपालिकेच्या गळ्यात पडलं.

महापौर तेत्सुजी नाकाता १९७९ ते २००३ खुर्चीवर होते. कोळसा गेला तर पर्यटन आणू, म्हणाले. कोळशाचं संग्रहालय झालं, पाळणे लागले, चित्रपट महोत्सव सुरू झाला. दिग्दर्शक क्वेंटिन टारँटिनोही येऊन गेला. त्याच्या ‘किल बिल’मधल्या गोगो युबारीचं नाव इथलंच. पण तोवर देशाच्या अर्थव्यवस्थेचाच फुगा फुटला होता, हिंडायला येणार कोण? तरीही नाकातांना सरसकट दोष मला देववत नाही. गाव लहान होणार, हे मतदारांना सांगून निवडून येणारा महापौर मी तरी पाहिलेला नाही.

खरी गंमत हिशेबात आहे. तिथलंही आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण जुने हिशेब मिटवायला मेअखेरपर्यंत मुभा असते. त्या दोन महिन्यांत दोन्ही वर्षांची खाती उघडी राहतात. युबारीनं तीच फट धरली. नव्या वर्षाच्या खात्यातून जुन्याला उसने द्यायचे, जुन्याची तूट झाकायची, खड्डा बँकेच्या अल्पमुदत कर्जानं बुजवायचा. पुढच्या वर्षी रक्कम वाढवून पुन्हा तेच. याची टोपी त्याच्या डोक्यावर! ही खाती लिहिणाऱ्या कारकुनाला काही कळत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

२००६ मध्ये बिंग फुटलं. फेडायचे सुमारे ३,५३० कोटी येन. निम्म्याहून अधिक कर्मचारी गेले, उरलेल्यांचे पगार कापले. १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. प्राथमिक शाळा एकच उरली. २०१९ मध्ये रेल्वेचा फाटाही बंद झाला. त्याच साली युबारीच्या खरबुजांची जोडी मात्र लिलावात ५० लाख येनला गेली.

आता वस्ती दहा हजारांच्याही आत आहे आणि त्यात निम्म्याहून जास्त पासष्टीपुढचे. हप्ते तेच भरताहेत, चढ्या पाणीपट्टीसकट.